‘गॅस आहे, सकाळी बघू’

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदार मेजर साहेबांचा फोन आला. पाऊसपाणी, नातवंडं, पेन्शनचा घोळ असं सगळं बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. माझ्या आत्ताच्या युनिटमध्ये मी एक हुकूम काढलाय, तो कुणीतरी त्यांच्या कानावर घातला होता. हुकूम साधा आहे. उलटी झाल्यानंतर ज्याच्या छातीत, बरगड्यांखाली किंवा पाठीत दुखायला लागेल, त्याला डॉक्टरशी बोलणं होईपर्यंत कुणीही तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, ओवा नाही, सोडा नाही. आणि डॉक्टरला रात्री कितीही वाजता उठवायचं. त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही, माझीही नाही.

“साहेब,” ते म्हणाले, “आमच्या वेळी पोटात दुखलं तर मूठभर ओवा चावायचो आणि ड्यूटीवर जायचो. तुम्ही पोरांना नाजूक करून ठेवताय. उद्या प्रत्येक ढेकरेला हेलिकॉप्टर मागवाल.”

फोनवर मी वाद घातला नाही. सेकंड लेफ्टनंट असताना ज्या माणसानं मला नकाशा वाचायला शिकवला, त्याच्याशी फोनवर वाद घालायचा नसतो. पण इथे घालणार आहे. कारण ते एकटे नाहीत. वर्दीतले निम्मे लोक आणि वर्दीबाहेरचे बहुतेक सगळे हेच बोलतात, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच बोलत होतो. कुठल्या दिवसापर्यंत, तेही मला पक्कं ठाऊक आहे.

पूर्वेकडची एक पोस्ट. मी मेजर, कंपनी कमांडर. रेझिंग डेचा बडा खाना होता. लंगरवाल्यांनी दोन दिवस खपून मटण केलं होतं, पुऱ्या होत्या, रम होती. कंपनीतला एक लान्स नाईक, माण तालुक्यातला, तीन दिवसांच्या गस्तीवरून त्याच संध्याकाळी परतला होता. गस्तीवर काय खाल्लं जातं ते तुम्हाला माहीत आहे. पठ्ठ्या उपाशी वाघासारखा जेवला. साडेनऊच्या सुमारास लंगरच्या मागे त्याला उलट्या सुरू झाल्या. दोन झाल्या. तिसरी यायला लागली तेव्हा मी टॉर्च घेऊन त्याच वाटेनं फेरी मारत होतो. साहेब येताना दिसले म्हणून त्यानं तोंडावर हात धरला आणि उलटी दाबली. हे त्यानं मला दोन महिन्यांनी सांगितलं. त्या रात्री मला दिसलं ते एवढंच की एक गडी पोटाशी हात धरून खाली बसला.

पोस्टवर डॉक्टर नव्हता. आरएमओ बटालियन मुख्यालयात, फोनच्या अंतरावर. आमच्याकडे होता एक नर्सिंग असिस्टंट, केरळचा, सर्व्हिस जेमतेम दोन वर्षांची. त्यानं लान्स नाईकला तपासलं आणि माझ्याकडे आला. “साहब, पहले उल्टी हुई, उसके बाद दर्द शुरू हुआ. दर्द बहुत है. डॉक्टर साहब को फोन लगाऊँ?”

मी काय म्हणालो ते या लेखाच्या माथ्यावर लिहिलंय. गॅस आहे, सकाळी बघू. वर हेही म्हणालो की डॉक्टरला झोपू दे, सोडा पाजून याला झोपव. आमच्या पोस्टवर फसफसणाऱ्या गॅसच्या चूर्णाचा डबा दारूगोळ्यापेक्षा हाताशी असायचा. त्यानं एक ग्लास पाजला. थोड्या वेळानं गड्याचं दुखणं वर सरकलं, छातीत आणि डाव्या खांद्यात. नर्सिंग असिस्टंट पुन्हा आला. मी पुन्हा तेच म्हणालो, जरा चढ्या आवाजात.

पहाटे स्टँड-टूच्या वेळी मी गेलो तेव्हा तो भिंतीला टेकूनही बसू शकत नव्हता. पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. झोपवलं की गुदमरायचा. श्वास भरभर, ओठ कोरडे, आवाज नाकातून आल्यासारखा. नर्सिंग असिस्टंट काही बोलला नाही. त्यानं माझी दोन बोटं धरून त्याच्या मानेवर, गळ्याच्या हाडाच्या वर ठेवली. कातडीखाली चुरचुरलं. भाजलेल्या पापडावर बोट ठेवल्यावर होतं तसं. माणसाच्या मानेत हवा कशी शिरली, हा प्रश्न मला त्या क्षणी पहिल्यांदा पडला. त्या पोराला तो रात्री दहा वाजताच पडला होता.

ढगांमुळे हेलिकॉप्टर दहाच्या पुढे आलं. मधल्या ठिकाणी डॉक्टरांनी पुढच्या उड्डाणाआधी त्याच्या छातीत डाव्या बाजूनं नळी घातली. उंचीवर हवा फुगते, छातीत कोंडलेली हवाही फुगते आणि फुफ्फुस दाबून टाकते, म्हणून नळीशिवाय उडवायचं नाही, असं त्यांनी मला वायरलेसवर सांगितलं. नळीतून आधी हवा आली, मग गढूळ पाणी आलं. त्या पाण्यात आदल्या रात्रीच्या जेवणाचे कण होते. बडा खाना त्याच्या छातीत होता.

आता हे होतं कसं ते सांगतो. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननं मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

घशापासून जठरापर्यंत अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते, आणि तिचा बराचसा भाग छातीतून, दोन फुफ्फुसांच्या मधल्या फटीतून, हृदयाच्या मागून आणि महारोहिणीला खेटून खाली जातो. आतड्यांना बाहेरून एक चिवट आवरण असतं. छातीतल्या अन्ननलिकेला ते नाही. जोराची उलटी येते तेव्हा पोट खालून दाब देतं. वरचं दार उघडं असलं तर माल बाहेर पडतो. ते दार बंद राहिलं, उबळ दाबून धरली, तर तो सगळा दाब नळीच्या भिंतीवर येतो. फाटते ती बहुतेक वेळा खालच्या टोकाशी, डाव्या बाजूला.

पोटातलं आतडं फुटलं तर पोट लाकडासारखं घट्ट होतं, कुणाच्याही लक्षात येतं. छातीत तसं होत नाही. प्रत्येक श्वासाला छातीच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्यामुळेच हवा फुफ्फुसात येते. पण नळीला भोक असलं तर त्याच ओढीनं जठरातलं आम्ल, लाळ, अन्न, जंतू असं सगळं त्या भोकातून छातीत खेचलं जातं. श्वास घेणं थांबवता येत नाही, म्हणजे हे खेचणंही थांबत नाही. फुफ्फुसांच्या मधल्या जागेत जंतूंचा भडका उडतो. डॉक्टर त्याला मिडियास्टिनायटिस म्हणतात. मग फुफ्फुसाच्या आवरणात पाणी, त्याचा पू, फुफ्फुस आक्रसणं, रक्तात विष भिनणं, रक्तदाब कोसळणं. पाठ्यपुस्तकं २४ तासांची रेघ ओढतात, त्या रेघेच्या पलीकडे मरणाचं प्रमाण झपाट्यानं वाढतं. सर्जन म्हणाले, मी रेघ मानत नाही, मी तास मोजतो.

आणि अशा माणसाला आम्ही सोडा पाजतो. पाजलेला प्रत्येक घोट पोटात नाही, छातीत जातो. माझ्या हुकमानं दिलेला तो ग्लासही तिकडेच गेला असणार.

आमच्या वेळी असं काही नव्हतं, असं म्हणणाऱ्यांना थोडं मागे नेतो. हा आजार पहिल्यांदा लिहिला गेला तो एका फौजी माणसावरूनच. १७२३ साली डच आरमाराचे अॅडमिरल बॅरन व्हान वासेनार यांना भरपेट मेजवानीनंतर उलटीचं औषध घेऊन पोट हलकं करायची सवय होती. एकदा उलटी होता होता भयंकर कळ आली आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की आत काहीतरी फाटलं. लायडनचे हर्मन बोरहाव्हे, त्या काळातले युरोपातले सर्वांत नावाजलेले वैद्य, धावत आले. त्यांना काही करता आलं नाही. पुढच्या दिवसभरात अॅडमिरल गेले. बोरहाव्हे यांनी शवविच्छेदन केलं, अन्ननलिका फाटलेली आणि खाल्लेलं अन्न छातीत सापडलं, आणि १७२४ साली त्यांनी हे सगळं तपशीलवार लिहून ठेवलं. म्हणून या फाटण्याला आजही त्यांचं नाव आहे. फाटलेली नळी शिवून माणूस वाचवल्याची नोंद व्हायला मात्र १९४७ साल उजाडलं. लंडनच्या नॉर्मन बॅरेट यांनी ते करून दाखवलं.

मला त्या गोष्टीतली एकच ओळ सलते. रुग्ण म्हणाला, आत फाटलं. वैद्य अंगावर उपचार नसतानाही ते ऐकून घेत होता. माझ्याकडे उपचार होता, फोन होता, सांगणारा नर्सिंग असिस्टंट होता, आणि मी ऐकत नव्हतो.

सुभेदार मेजर साहेब, आता तुमच्या मुद्द्याकडे. ‘नाजूक’ हा शब्द मी नीट ओळखतो. मी तो कॅडेट असताना शिकलो. सिक रिपोर्टला जाणारा म्हणजे रगडा चुकवणारा, हे आम्हाला कुणी अधिकाऱ्यानं शिकवलं नव्हतं. आम्हीच एकमेकांना शिकवलं. पायात फोड, अंगात ताप, तरी क्रॉसकंट्री पळायची आणि संध्याकाळी त्याची फुशारकी मारायची. सोसण्याची ती सवय कामाची आहे, मी तिची चेष्टा करत नाही. बर्फात तीच माणसाला चालतं ठेवते. पण स्वतःचं दुखणं सोसणं वेगळं, आणि दुसऱ्याचं दुखणं त्याच्या वतीनं आपण सोसून टाकणं वेगळं. त्या रात्री कळ लान्स नाईकला येत होती आणि सहनशीलता मी दाखवत होतो. याला कणखरपणा म्हणत असाल तर म्हणा. मी हलगर्जीपणा म्हणतो.

आणखी एक. कामचुकार शोधण्याची आपल्याला इतकी सवय आहे की खरं दुखणं सांगायलाही जवान लाजतो. साहेबाला पाहून उलटी दाबणारा गडी नाजूक होता का? थोडा नाजूक असता तर बरं झालं असतं.

हे फक्त फौजेत आहे असंही नाही. बंगालमध्ये पोस्टिंग असताना पाहिलं, जेवताना माशाचा काटा अडकला की शेजारी बसलेला लगेच कोरड्या भाताचा गोळा करून गिळायला लावतो. आपल्या कोकणातही तेच, फक्त भाताच्या जागी केळं. छोटा मऊ काटा असेल तर तो गोळ्याबरोबर जातोही, आणि म्हणूनच उपाय टिकून राहिलाय. दहापैकी नऊ वेळा चालणारा उपाय हा सगळ्यांत धोक्याचा, कारण त्याची साक्ष द्यायला नऊ माणसं असतात. मोठा काटा, कोंबडीचं किंवा मटणाचं हाड, तुटलेल्या कवळीचा तुकडा असं काही अडकलं असेल तर वरून ढकलणं म्हणजे खिळ्यावर हातोडा मारणं. टोक भिंतीत रुततं, भिंतीपार जातं. मग मानेत किंवा छातीत गळू होतं. क्वचित टोक शेजारच्या महारोहिणीपर्यंत पोचतं, आणि तेव्हा जे होतं ते आणखी फसवं असतं. छातीत दुखतं, एकदा थोडं लाल रक्त तोंडावाटे पडतं, मग सगळं थांबतं. माणूस म्हणतो, बरं वाटतंय. काही तासांनी किंवा दिवसांनी महारोहिणी फुटून रक्ताचा लोंढा येतो, आणि मग करण्यासारखं फारसं काही उरत नाही. गिळताना टोचतंय, लाळही गिळवत नाही, असं कुणी म्हणालं तर भात नको, केळं नको, थंड फसफसतं पेयही नको. ज्या हॉस्पिटलात दुर्बीण आहे तिथे त्याच दिवशी जायचं.

घरच्या मंडळींसाठीही थोडं. क्वार्टरमध्ये फरशीचं अॅसिड जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची आपली खोड आहे. एखाद्यानं ते चुकून प्यायलं तर मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. जाताना जी नळी भाजली, येताना तीच पुन्हा भाजते, आणि भाजलेली भिंत उबळीनं फाटते. आणि खेळण्यातला, रिमोटमधला गोल चपटा सेल पोरानं गिळला असेल, किंवा नुसती शंका असेल, तर तो शीतून पडेल म्हणून वाट बघायची नाही. अन्ननलिकेत अडकलेला सेल ओल्या भिंतीला टेकून वीज वाहू देतो, तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत भिंत जळायला लागते. नाण्यासारखा दिसतो म्हणून नाण्यासारखा वागत नाही.

आता हेलिकॉप्टर. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण तो खरा आहे. पोस्टवरून माणूस उचलणं म्हणजे पायलटचा जीव, हवामानाचा जुगार आणि दुसऱ्या कुणाची तरी हुकलेली पाळी. प्रत्येक छातीदुखीला ते करता येत नाही. पण माझा हुकूम हेलिकॉप्टरचा नाहीच, फोनचा आहे. आधी काय झालं, उलटी की दुखणं, हे विचारायला पैसे लागत नाहीत. मानेवर दोन बोटं दाबायला एक मिनिट लागतं. तोंड बंद ठेवणं फुकट आहे. उचलायचं की नाही ते डॉक्टर ठरवेल. त्याला ठरवायला तास मिळाले पाहिजेत, एवढंच.

डॉक्टरही फसतात. ही कळ हृदयविकारासारखी दिसते, अल्सर फुटल्यासारखी दिसते, स्वादुपिंडाच्या दुखण्यासारखी दिसते. सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो. मानेत हवा सगळ्यांनाच येते असंही नाही. नक्की कळतं ते सीटी स्कॅनवर किंवा पाण्यात विरघळणारं औषध पिऊन काढलेल्या फोटोवर. आणि खरं सांगायचं तर अन्ननलिकेला भोक पडण्याचं सगळ्यांत मोठं कारण उलटी नाहीच, तपासणीची दुर्बीण आणि तत्सम उपकरणं हे आहे. पण तिथे रुग्ण डॉक्टरच्या डोळ्यासमोर असतो आणि डॉक्टरला शंका यायला कारण असतं. डोंगरावर ती शंका नर्सिंग असिस्टंटलाच यावी लागते, आणि ती त्याला आल्यावर आपण ती दाबायची नसते.

हुकूम काढून १४ महिने झाले. या काळात आमच्या डॉक्टरला चार वेळा रात्री उठवलं गेलं. तिघांना जळजळ आणि अपचन निघालं. त्यातला एक सकाळी परेडला होता आणि लाजून माझ्याकडे बघत नव्हता. त्याला बोलावून चहा पाजला, सगळ्यांसमोर. चौथ्याचा हार्ट अटॅक निघाला, ४१ वर्षांचा हवालदार. अन्ननलिका एकाचीही फाटलेली नव्हती. सुभेदार मेजर साहेब म्हणतील, बघा, मी काय सांगत होतो. हवालदाराच्या बायकोला विचारा, असं मी म्हणेन.

माझा लान्स नाईक वाचला. सांगायला सोपं वाटतं, म्हणून काय काय झालं तेही सांगतो. सर्जरी झाली तेव्हा फाटल्याला १६ तास होऊन गेले होते. भिंत सुजून लिबलिबीत झाली होती, टाके धरेनात. नऊ दिवस व्हेंटिलेटर. छातीत पू झाला, दुसऱ्यांदा उघडावं लागलं. लहान आतड्यात नळी घालून सात आठवडे तिथून पातळ अन्न. ६८ किलोचा गडी ४९ वर आला. त्याचे वडील गावाहून आले होते, पहिल्यांदा आगगाडीत दोन रात्री काढून. ते मला म्हणाले, “साहेब, तुम्ही होता म्हणून पोरगा हाताला लागला.” मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मेडिकल कॅटेगरी खाली गेली. काही वर्षांनी तो लवकर घरी गेला. आता गावात त्याचं पिठाची गिरणी आणि दोन म्हशी असं चाललंय. हळू जेवतो, घास बारीक चावून. दिवाळीला फोन करतो. यंदा मी त्याला या हुकमाचं सांगितलं, तर हसला. म्हणाला, “साहेब, मी उलटी दाबली ते तुम्हाला सांगायलाच नको होतं. तुम्ही अजून तेच धरून बसलाय.” मग त्यानं त्या केरळच्या पोराचा नंबर मागितला. माझ्याकडे नव्हता. त्याची बदली झाली तेव्हा मी त्याला निरोपाची पार्टी दिली होती, शाबासकीचं पत्रही दिलं होतं. पण त्या रात्री मी तुझं ऐकलं नाही, तू बरोबर होतास, हे मी त्याला तोंडानं कधीच सांगितलं नाही. रेकॉर्ड ऑफिसमधल्या एका मित्राला त्याचा पत्ता काढायला सांगितलंय.

हुकूम मागे घेत नाही, सुभेदार मेजर साहेब. रविवारी फोन करतो. तुम्हालाही परवा जेवणानंतर छातीत जळजळलं होतं आणि तुम्ही ओवा चावून झोपलात, असं वहिनी सांगत होत्या. वय ७१. आधी ते बोलू, मग भांडू.